तोंडातली माणसं

मयूरी लांजेवारला बोलतं करायचा अधिकार सरकारला नव्हता. तसा कायदाच होता, आणि तो याच सरकारने मोठ्या दिमाखात, पत्रकारांना पेढे वाटून केला होता. बातमी कोणी दिली हे पत्रकाराला विचारायचं नाही, विचारलंच तर त्याने सांगायचं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून त्याला आत टाकायचं नाही. मयूरीचे वकील दारव्हेकर यांनी ही कलमं कोर्टात ठणकावून वाचली. न्यायाधीशांनी मान डोलावली आणि सरकारी वकिलांकडे पाहिलं. सरकारी वकील शांतपणे म्हणाले की बाईंनी एक अक्षरही बोलू नये, सरकारची काहीच हरकत नाही. त्यांनी फक्त तोंड उघडावं.

गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, एवढंच काम होतं. त्याबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नव्हतं, कारण कायदा झाला तेव्हा पत्रकाराच्या तोंडातून शब्दांखेरीज दुसरं काही काढून घेता येईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरकारचा अर्ज मंजूर झाला. सोमवारी नमुना घ्यायचा, गुरुवारी निवृत्त न्यायमूर्ती मोहरील यांच्या चौकशी समितीपुढे निकाल ठेवायचा, असं ठरलं. शुक्रवारी विधानसभेत सरकारवर विश्वासमत होतं. बातमी फोडणारा सापडला, त्याच्यामागे विरोधकांचा हात आहे असं ओरडून सांगता आलं, तर काठावरची चार डोकी परत वळवता येतील असा सरकारचा हिशोब होता.

आता त्या कापसाच्या बोळ्यात एवढं काय होतं, ते सांगायला हवं.

माणसाच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू सुखाने नांदत असतात. जाती सगळ्यांकडे जवळपास त्याच, पण एकाच जातीत पोटभेद इतके की तुमच्या तोंडातली वस्ती आणि माझ्या तोंडातली वस्ती कधीही एकसारखी नसते. बोटांच्या ठशासारखंच ते. फरक इतकाच की बोटांचे ठसे एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, आणि हे लागतात. एका पेल्यातलं पाणी, एका ताटातला घास, आईने फुंकर मारून भरवलेला भात, अशा वाटांनी एका तोंडातले रहिवासी दुसऱ्या तोंडात जातात. काही दोन दिवसांत वाहून जातात, काही तिथेच ठाण मांडून महिनोन्‌महिने राहतात. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं होतं ते यंत्र. थेंबभर लाळ घेऊन ते अर्ध्या दिवसात सगळे पोटभेद वेगळे काढायचं आणि साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहायचं.

नमुने साठवले गेले ते आरोग्य-ठसा योजनेत. गावोगाव शिबिरं झाली, लोकांनी चूळ भरून नळीत थुंकलं, आणि सरकारने मोफत तपासणी करून दिली. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणाऱ्या विदर्भात या यंत्राने हजारो लोकांचा तोंडाचा कॅन्सर गाठ दिसायच्याही आधी पकडला. मयूरीच्या मामांचा पकडला. त्या यंत्राचं कौतुक करणारी पहिली बातमी मयूरीनेच लिहिली होती, आणि तिला त्याची आजही लाज वाटत नव्हती.

पण जे यंत्र माणसाचा आजार सांगतं ते माणसाची संगतही सांगतं, हे कोणा हुशार माणसाच्या लक्षात आलं. सरकारचं बहुमत काठावरचं होतं. आमदार निवासातल्या चहाच्या कपांची धुलाई एका नव्या ठेकेदाराकडे गेली, आणि धुण्याआधी त्या कपांना यंत्राकडचा एक वळसा पडायला लागला. कोणता आमदार कोणाच्या पंगतीला बसून आला याचा ‘संगत अहवाल’ दर आठवड्याला वरपर्यंत पोचायला लागला. मयूरीच्या ‘पडताळा’ या साप्ताहिकाने तो अहवालच छापला. त्यानंतर जे झालं त्यावर अख्खा महाराष्ट्र हसला. आमदार घरून कप आणायला लागले. एक माजी मंत्री तर लग्नात स्वतःची ताटली बगलेत मारून फिरताना दिसले. सगळं राजकारण ज्या चहापाण्यावर चाललं होतं, त्या चहालाच सगळे घाबरायला लागले. हसणं ओसरल्यावर मात्र लोकांच्या लक्षात आलं की नळीत आपणही थुंकलो आहोत.

अहवाल मयूरीला कोणी दिला? तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार होतं. तिचा धाकटा भाऊ चेतन आरोग्य-ठसा संचालनालयात कक्ष अधिकारी होता. बातमी घरातच शिजली, असं लोक डोळा मारून म्हणायचे.

चेतनला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मयूरीने त्याला कधी काही विचारलंच नव्हतं, आणि दर रविवारी त्याच्याकडे जेवायला गेल्यावर ती कार्यालयाचा विषय निघाला तरी भाजीचा विषय काढायची. अहवाल दिला होता कांचन रामटेके यांनी. त्या संचालकांच्या स्वीय सचिव होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, दहा वर्षांत एकदाही उशिरा न आलेल्या बाई. त्यांच्या टेबलावरूनच ते अहवाल वर जायचे.

त्या आणि मयूरी तीन वेळा भेटल्या, तलावाकाठच्या बागेत, फिरायला आलेल्या बायका बसतात तशा एका बाकाच्या दोन टोकांना. फोन घरी. तोंडावर मास्क, थंडीचं निमित्त होतंच. आपण कोणत्या यंत्राविरुद्ध उभ्या आहोत हे दोघींना पक्कं माहीत होतं. त्याच आठवड्यात मयूरी संचालनालयातले शास्त्रज्ञ डॉ. तांबोळी यांची मुलाखत घेऊन आली होती. यंत्राला काय कळत नाही, असं तिने त्यांना विचारलं होतं. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की कोण ते कळतं, कधी ते कळत नाही. कालचा ठसा आणि महिन्यापूर्वीचा ठसा यंत्राला सारखाच.

तिसऱ्या भेटीत कागद हातात पडले. काम झालं होतं. कांचनताईंच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. त्यांनी मास्क खाली केला, पर्समधून एक टपोरा आवळा काढला, सोबत कागदाच्या पुडीत तिखटमीठ. एकच आवळा होता. त्यांनी तो पदराच्या टोकात गुंडाळला आणि चिमणीच्या दातांनी फोडला, शाळेत मुली फोडतात तसा. मधे कापड असलं की उष्टं होत नाही, हा शाळेतला नियम. अर्धी फोड त्यांनी मयूरीपुढे धरली, आणि मग त्यांचा हात मधेच थबकला.

तो का थबकला हे मयूरीला त्याच क्षणी कळलं. कांचनताईंच्या मनात यंत्र नव्हतं. रामटेके या आडनावाच्या बाईने आपल्या तोंडचं, कापडातून का होईना, दुसऱ्या बाईपुढे धरलं होतं, आणि धरल्यावर तिला जुनं काहीतरी आठवलं होतं. आधीच्या भेटीत बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या की मी आपली माझ्या खोलीतच जेवते, बरं असतं. मयूरीने एका रविवारी चेतनला सहज विचारलं होतं की तुमच्या सात जणांच्या जेवणाच्या टेबलावर रामटेके मॅडम काहून नसतात. तो म्हणाला होता, त्यांनाच आवडत नाही कोणात बसायला. आणि त्याने ताटाकडे पाहिलं होतं.

पदराच्या कापडातून जंतू सहज पार होतात, हे मयूरीला माहीत होतं. ‘नको’ हा एक शब्द पुरला असता. कारणही खरं होतं, शास्त्रीय होतं, कांचनताईंनाही पटलं असतं. पण ते कारण ऐकायच्या आधी त्या बाईंना जे ऐकू आलं असतं, ते मयूरीच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. तिने मास्क खाली केला, फोड घेतली, तिखटमिठात बुडवली आणि खाल्ली. दोघी आंबट तोंडं करून हसल्या.

तीच चूक. दुसरी कोणतीही चूक तिने केली नव्हती.

सोमवारी नमुना दिला. तोंडातले जंतू मारायला औषधी गुळण्या करणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, असं आदेशात आधीच लिहिलं होतं, त्यामुळे आदला आठवडाभर तिच्या दारात महिला पोलीस बसून होती आणि मयूरी दात घासतानासुद्धा दार उघडं ठेवायची. कदाचित त्या अर्ध्या फोडीतले पाहुणे वाहून गेले असतील, कदाचित नसतील. मंगळवारी दुपारी दारव्हेकरांचा फोन आला. तिच्या तोंडात सव्वीस माणसं सापडली होती. आई, भाऊ, भावजय रूपाली, मैत्रिणी, शेजारच्या काकू, ‘पडताळा’तले सहकारी, एक जुना मित्र ज्याचं नाव वकिलांनी घसा साफ करून घेतलं. सव्वीसपैकी संचालनालयात नोकरीला होती फक्त दोन. चेतन लांजेवार आणि कांचन रामटेके.

मयूरी खुर्चीत बसून राहिली. यादीत दोन माणसं असली की एकाला ‘हा नाही’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवणं. भावाला वाचवणारा शब्द आणि कांचनताईंना बुडवणारा शब्द एकच होता.

समितीने दोघांनाही नोटीस दिली. डॉ. तांबोळींनी आग्रह धरला होता की एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. दोघं एका कार्यालयातली आहेत. बाईंचे ठसे भावामार्फत बहिणीकडे पोचलेले असू शकतात. दोघं एकत्र खातपीत असतील तर एकाच्या तोंडात दुसऱ्याचे ठसे सापडतील, आणि मग बाईंवर संशय राहत नाही. सापडले नाहीत, तर बाई थेट भेटल्या असं मानावं लागेल. म्हणून बुधवारी संध्याकाळी दोघांचे ताजे नमुने घ्यायचे. हे सगळं नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं.

मंगळवारी संध्याकाळीच चेतन ती नोटीस घेऊन तिच्याकडे आला. दारात अजून बसलेली पोलीस बाई त्याला ओळखत होती, तिने त्याला आत सोडलं आणि दार लोटून घेतलं. चेतनने बूटही काढले नाहीत. त्याने नोटीस टेबलावर ठेवली आणि तो उभाच राहिला.

मयूरीने चहा टाकला. तो नको म्हणाला. बस म्हटलं तर तेही नको म्हणाला. कार्यालयात आज कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं, सकाळी त्याच्या टेबलावरचा संगणक उचलून नेला होता, मुलाला शाळेत कोणीतरी चोराचा पोरगा म्हणालं होतं. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मयूरीला बरं वाटलं असतं.

“ताई, मी तुला नाव नाही विचारून राहिलो,” तो म्हणाला. “परवा समितीसमोर एवढंच म्हण की चेतन नाही. खरंच आहे ना ते?”

मयूरीने चहात साखर टाकली.

“खरं आहे की नाही, तेवढं तर मला सांग.”

तिने ओठ मिटून घेतले. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तरी डोळ्यांतून काहीतरी सांडेल म्हणून तिने चहाच्या भांड्याकडे पाहिलं. चहा उतू चालला होता, तिने गॅस बंद केला. तिच्यामागून चेतन म्हणाला की मी तर नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे उरलं कोण, हे मलाही कळतं, मी काही कुक्कुलं बाळ नाही.

मयूरीच्या हातून फडकं खाली पडलं. तिने ते उचललं आणि ओट्यावर पसरलं, नीट, कोपरे ओढून.

“बाप्पा, तू खरंच नाही बोलणार,” चेतन म्हणाला. त्यात राग होता तसं आश्चर्यही होतं. लहानपणी भांडणात तीच आधी कबूल करायची आणि मार खायची. “दहा वर्षं नोकरी केली मी. कोणाचं घेतलं नाही, कोणाचं खाल्लं नाही. आणि माझी सख्खी बहीण माझ्यासाठी एक वाक्य नाही बोलणार.”

तो गेला. दार हळूच ओढून घेतलं त्याने. चहा तसाच राहिला.

तासाभराने आईचा फोन आला. आई चेतनकडेच राहायची. ती रडत नव्हती, ते तिच्या स्वभावात नव्हतं. तिने विचारलं की ती दुसरी कोण आहे, रामटेके का काय, ती आपली कोण लागते. मयूरी म्हणाली की आई, मला काहीच सांगता येत नाही. आई म्हणाली, “तुले भाऊ एकच आहे. एवढं तुले आठवते ना?” आणि फोन ठेवला.

त्या रात्री मयूरीने स्वतःला बरंच काही विचारलं. नाव कुठेही येणार नाही हा तिचा कांचनताईंना शब्द होता, ठीक आहे. पण शब्द तिने दिला होता आणि किंमत चेतन मोजणार होता, आणि असला शब्द पाळण्यात कसलं आलंय मोठेपण, असं तिला पहाटेपर्यंत वाटत राहिलं. आणि शब्द मोडून कांचनताईंना त्यांच्या हवाली केलं, तर पुढे कोणीही कोणालाही काही सांगणार नाही, हेही तितकंच खरं होतं. शिवाय एक भीती होती जी तिने मनातसुद्धा पुरती उच्चारली नाही. ती बोलली नाही तरी चेतन बोलेल. त्याला फक्त खरं सांगायचं होतं. मी रामटेके मॅडमसोबत कधी जेवलो नाही. यंत्र त्याच्या बाजूने साक्ष देईल. तो सुटेल, कांचनताई अडकतील, आणि त्यात खोटं काहीच नसेल. तिला हे कळत होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला त्यात थोडी सुटका वाटत होती.

गुरुवारी समितीची बैठक होती. जुन्या सरकारी बंगल्यातली लांबट खोली, मधे टेबल, टेबलाच्या टोकाला न्यायमूर्ती मोहरील. थकलेला पण सभ्य माणूस. एका बाजूला सरकारी वकील, त्यांच्यामागे संचालनालयाचे संचालक आणि दोन-तीन अधिकारी, चेतनच्या जेवणाच्या टेबलावरचेच. दुसऱ्या बाजूला मयूरी आणि दारव्हेकर. कांचनताई एकट्या खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरून. त्यांनी मयूरीकडे एकदाही पाहिलं नाही. मयूरीनेही पाहिलं नाही. चेतन सगळ्यांत शेवटी आला आणि त्याने कोणाकडेच पाहिलं नाही.

डॉ. तांबोळी निकाल वाचायला उभे राहिले. मयूरीने टेबलाखाली बोटं एकमेकांत अडकवली.

“श्री. लांजेवार यांच्या नमुन्यात श्रीमती रामटेके यांचे ठसे मिळाले,” डॉ. तांबोळी म्हणाले. “श्रीमती रामटेके यांच्या नमुन्यात श्री. लांजेवार यांचे मिळाले. दोन्ही बाजूंनी, भरपूर.”

मयूरीने मान वर केली. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. डॉक्टर पुढे सांगत होते की या दोघांचं खाणंपिणं एकत्र आहे यात शंका नाही, त्यामुळे बाईंचे ठसे पत्रकार बहिणीकडे भावामार्फत गेले असं मानणं हेच सरळ. बाई आणि पत्रकार थेट भेटल्या असं म्हणायला आता शास्त्राचा आधार नाही. भाऊ आणि बहीण भेटतात हे तर उघडच आहे.

संचालक खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

न्यायमूर्तींनी चेतनला उभं राहायला सांगितलं. रामटेके मॅडम आणि तुम्ही एकत्र जेवता का, असं त्यांनी विचारलं.

“हो साहेब. एका डब्यात.”

“किती दिवसांपासून?”

“दहा वर्षं झाली असतील,” चेतन म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, कोणी पत्ता विचारावा आणि सांगावा तसा. “एका कार्यालयातली माणसं आहोत साहेब. एकत्र नाही तर कुठं जेवणार?”

संचालकांच्या मागे बसलेला एक अधिकारी, जो दहा वर्षं चेतनच्या शेजारी बसून त्याच्या डब्यातलं लोणचं खात आला होता, तो काहीतरी बोलायला म्हणून खुर्चीतून अर्धा उठला. सरकारी वकिलांनी मागे वळून त्याच्याकडे आशेने पाहिलं. हे खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं त्याला. पण पुढचा प्रश्न कोणीही विचारला असता. मग त्या बाई कोणासोबत जेवतात? आणि त्याचं खरं उत्तर शपथेवर, न्यायमूर्तींसमोर, टिपणं काढणाऱ्या लघुलेखकासमोर द्यावं लागलं असतं. कोणासोबतच नाही. दहा वर्षांत आमच्यापैकी कोणीच त्यांना टेबलावर बोलावलं नाही. आणि का, हेही मग आलंच. तो माणूस जसा उठला तसाच खाली बसला. संचालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

न्यायमूर्तींनी कांचनताईंना विचारलं की हे खरं आहे का. त्या उभ्या राहिल्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं, आणि मयूरीला क्षणभर वाटलं की आता या सगळं सांगून टाकणार. तेव्हा चेतनने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, नाही अशी.

“हो,” कांचनताई म्हणाल्या. “खरं आहे.”

न्यायमूर्ती मयूरीकडे वळले. कायद्याने तुमच्यावर काही बंधन नाही, पण भावाच्या बाजूने काही सांगायचं असेल तर ही वेळ आहे, असं ते म्हणाले. त्यांनी ते खरोखर मायेने म्हटलं. मयूरी उभी राहिली. समोर चेतन होता, इस्त्रीचा निळा शर्ट घातलेला, शाळेत बक्षीस घ्यायला जाताना घालायचा तसा नीट खोचलेला. तिचा जीव गलबलून गेला. एवढं प्रेम तिला त्याच्याबद्दल कधीच वाटलं नव्हतं, आणि आता त्याचा काहीच उपयोग नव्हता.

“मला काही सांगायचं नाही,” ती म्हणाली.

दुपारी समितीने निष्कर्ष लिहिला. कांचन रामटेके यांच्याविरुद्ध काही आढळलं नाही. चेतन लांजेवार यांना निलंबित करावं आणि पुढील तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात द्यावं. सरकारी वकील बाहेर जाऊन वाहिन्यांशी बोलायलाही लागले होते. उद्याच्या मतदानाला त्याचा किती उपयोग होईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. भावाने बहिणीला बातमी दिली, यात कट दाखवणं जरा अवघडच होतं.

गाडी येईपर्यंत चेतनला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं होतं. हवालदाराने मयूरीला त्याच्याशेजारी बसू दिलं आणि तो स्वतः चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. मयूरीला विचारायचं होतं ते विचारता येत नव्हतं. विचारलं असतं तर सगळंच बोलल्यासारखं झालं असतं. शेवटी चेतननेच तोंड उघडलं, समोरच्या गाड्यांकडे पाहत.

“काल जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो,” तो म्हणाला. “दार वाजवलं. त्या एकट्याच जेवून राहिल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून. मी म्हटलं, मॅडम, बसू का. त्यांना वाटलं मी भांडायला आलो.”

मयूरीने त्याचा हात धरला. तो थंड होता.

“वांग्याची भाजी होती. मी भाकरी तोडून त्यांच्या डब्यात हात घातला तर त्यांनी डबा मागे ओढला, ताई. एवढं सगळं चाललंय, त्यांची नोकरी जायची वेळ, आणि त्या मला म्हणतात, असं नका करू, तुमच्या घरी चालायचं नाही.”

“मग?”

“मग काय. जेवलो.” त्याने नाकावरून मनगट फिरवलं. “त्यांच्या पेल्यातलं पाणी प्यायलो. माझा पेला त्यांना दिला. रडत रडत जेवल्या त्या. मला दहा वर्षांत जेवढी लाज नाही वाटली तेवढी काल त्या एका सुट्टीत वाटली.”

गाडी आली. चेतन उठला, शर्ट नीट केला, आणि जाता जाता म्हणाला की आईकडे तू जा, रूपाली एकटी पडेल. मग तो गाडीत बसला आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

मयूरीने रिक्षा केली. आई दारातच उभी असणार होती. चेतनने काय केलं नव्हतं आणि काय केलं होतं, यातलं एकही तिला आईला सांगता येणार नव्हतं.